मंगळवारनंतरचं तेल

१

टाकीचं झाकण उचललं आणि ताईंचा हात तसाच वर राहिला.

आतून वास येत होता. उग्र नाही, पण बंद कपाटात विसरलेल्या रंगाच्या डब्याला येतो तसा, घशात चिकटून बसणारा. ताईंनी लांब दांड्याच्या पळीनं थोडं तेल वर काढलं, तळहातावर दोन थेंब चोळून नाकाशी नेले. शंकेला जागाच नव्हती. तेल खवट झालं होतं.

हे काही फोडणीचं तेल नव्हतं. इंजेक्शनसाठी शुद्ध केलेलं तिळाचं तेल होतं ते. त्यात औषध विरघळवायचं, काचेच्या छोट्या अँप्युलमध्ये भरून सील करायचं आणि ज्यांचा गर्भ टिकत नाही अशा बायकांना टोचायचं. पाण्यातलं औषध शरीर लगेच संपवून टाकतं. तेलातलं हळूहळू सुटतं, आठवडाभर पुरतं. म्हणून तेल घ्यायचं, आणि म्हणूनच ते निर्दोष हवं. खवट तेल अंगात गेलं की गाठ येते, ठणकते, कधी पिकते. शिवाय त्यात विरघळलेल्या औषधाचीही ते वाट लावतं.

ताई या कारखान्यातल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. धाकटी बहीण त्यांना ताई म्हणायची, तिचं ऐकून सगळा कारखानाच म्हणायला लागला. आज नवी भराई सुरू व्हायची होती, त्याआधी एक नजर टाकावी म्हणून कोठाराच्या काकांकडून कुलूप आणि सील काढून घेऊन त्या तेलाच्या खोलीत आल्या होत्या.

नवी भराई गेली खड्ड्यात. ताईंच्या मनात आलं ते वेगळंच. मागची भराई याच टाकीतून झाली होती. जंतू-तपासणीचे दिवस पुरे करून त्या अँप्युलचे डबे नुकतेच डोंगरापलीकडच्या प्रसूतिगृहात गेले होते. आणि तिथल्याच एका खाटेवर धाकटी होती. पाचवा महिना, याआधी दोनदा रिकाम्या हातानं घरी आलेली.

ताईंनी तिथल्या तिथे फोन लावला.

"बोल ताई," धाकटीचा आवाज खुशीत होता. "आज संध्याकाळी सुई आहे बघ. तुमच्याच कारखान्याचा नवा डबा आलाय. सिस्टरना सांगितलं, माझ्या बहिणीच्या हातचं आहे, डोळे मिटून टोचा."

२

"तेल बदललंय कोणीतरी," भाचेबुवा म्हणाले. "चांगलं काढून नेलं आणि जुनं ओतून ठेवलं."

मालकीणबाईंच्या खोलीत सगळे उभेच होते. भाचेबुवा म्हणजे मालकीणबाईंच्या भावाचा मुलगा. भराईचं खातं त्यांच्याकडे होतं. वय तिशीचं, पण तोंडावर नेहमी घर जळत असल्याची घाई. दाराजवळ स्टोअरकाका उभे होते. कारखाना सुरू झाल्यापासून कोठार त्यांच्या ताब्यात. आज मात्र ते भिंतीचा आधार शोधत होते.

"खोलीला कुलूप असतं, झाकणाला तार आणि शिशाचं सील असतं," भाचेबुवा बोटांवर मोजत म्हणाले. "कुलूप फोडलेलं नाही. किल्ल्या दोनच, एक आत्याकडे आणि एक काकांकडे. आता आत्या काय स्वतःचीच टाकी फोडायला जाणार आहे?"

मालकीणबाईंनी टेबलावरचा चष्मा उचलला, पुसला, पुन्हा ठेवला. नवरा गेल्यापासून हा कारखाना त्यांनी एकटीनं ओढला होता, आणि त्या ओढाताणीच्या खुणा डोळ्यांखाली स्पष्ट दिसत होत्या.

"काका, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," त्या म्हणाल्या. "मी पोलिसांना बोलावते."

स्टोअरकाकांनी तोंड उघडलं, मालकीणबाईंकडे बघितलं आणि मिटून घेतलं.

"थांबा," ताई म्हणाल्या. "पोलीस चोर शोधतील, पण तेल कधी बिघडलं ते कोण सांगणार? मला आधी ते हवंय."

त्यांनी सगळ्यांसमोर प्रसूतिगृहाच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"सगळे डबे बाजूला ठेवू म्हणता?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अहो, आज कितीजणींची सुई आहे! दुसरीकडून औषध यायला दोन-तीन दिवस लागतील. काहीजणींचं तेवढ्यात होत्याचं नव्हतं होईल, त्यात तुमची बहीणही आली. काल दोघींना दिलंय, त्यातल्या एकीची कंबर आज सुजलीय, मी म्हटलं सुईच चुकली असेल. मला नेमकं सांगा, कुठले डबे चांगले आणि कुठले वाईट. संध्याकाळच्या फेरीपर्यंत थांबते. पुढे मात्र माझी पंचाईत आहे."

डब्यांच्या बुडाला भराईच्या दिवसाचं अक्षर छापलेलं असे. म्हणजे वेगळे करणं शक्य होतं. फक्त बिघाड कुठल्या दिवशी सुरू झाला हे कळायला हवं होतं, आणि ते ज्याला ठाऊक होतं तो तोंड उघडणार नव्हता.

"संध्याकाळपर्यंत," मालकीणबाई ताईंना म्हणाल्या. "त्यानंतर मी कोणाचं ऐकणार नाही."

३

प्रयोगशाळेत ताईंनी आधी दार लावलं आणि दोन्ही हात टेबलावर टेकून उभ्या राहिल्या. धाकटीचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना.

मग कामाला लागल्या.

तेल हवेशी झगडत झगडत बिघडतं. त्या झगड्यात त्याच्यात एक द्रव्य साठत जातं, ते मोजायची रीत सोपी आहे. तेलात रसायनं घातली की मिश्रण गर्द निळं होतं. मग वरून दुसरं द्रावण थेंबाथेंबानं सोडायचं. ताज्या तेलाचा निळा रंग दोन-चार थेंबांत उडतो. खवट तेलाचा काही केल्या जात नाही.

कोठारात त्याच खेपेचं एक न उघडलेलं पिंप शिल्लक होतं. त्यातलं तेल पहिलं. निळा रंग बघता बघता नाहीसा झाला. म्हणजे तेलवाल्यानं दिलेलं तेल चोख होतं.

मग राखून ठेवलेले नमुने. प्रत्येक भराईचा पहिला ट्रे आणि शेवटचा ट्रे प्रयोगशाळेत ठेवायची पद्धत होती. तेल भरण्याआधीच पास झालेलं असल्यानं अँप्युलमधलं तेल पुन्हा तपासायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ताईंच्याही नाही. पहिल्या ट्रेची, म्हणजे सोमवार सकाळची अँप्युल त्यांनी फोडली. रंग झटकन गेला. शेवटच्या ट्रेची, म्हणजे शनिवारची फोडली. थेंबामागून थेंब पडत राहिले आणि निळाई ढिम्म हलेना.

ताई स्टुलावर बसल्या.

सोमवारी चांगलं आणि शनिवारी वाईट. तेल एकच, टाकी एकच, औषध एकच. मधल्या दिवसांत त्या टाकीत काहीतरी घडलं होतं. भाचेबुवा म्हणत होते तसं कोणी जुनं तेल ओतलं असेल? असू शकेल. पण मग कुठल्या दिवशी? सगळ्या टाकीत जुनं तेल ओतायचं तर पिंपंच्या पिंपं आत न्यायला हवीत, तेवढीच बाहेर आणायला हवीत. ती कोणालाच कशी दिसली नाहीत?

बाहेर कोणीतरी दार ठोठावलं. स्टोअरकाका होते. चेहरा पांढराफटक.

"ताई, एक सांगायचं होतं," ते म्हणाले. "ते सील... आज सकाळी काढलं ते सील माझं नव्हतं. म्हणजे माझंच होतं, पण पहिलं नव्हतं."

४

"नीट सांगा काका."

"पहिलं सील तुटलं होतं. भराई संपल्यावर मी नवं लावलं. बोभाटा नको म्हणून."

"कधी तुटलं होतं? कोणी तोडलं?"

काकांची नजर प्रयोगशाळेच्या काचेतून पलीकडे गेली, मालकीणबाईंच्या खोलीच्या दारापर्यंत, आणि तिथून झटकन माघारी आली. "ते मला विचारू नका. माझ्याकडून चुकलं म्हणा आणि मोकळ्या व्हा."

"काका, माझी बहीण तिथे आहे."

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. ते जाऊन बाहेरच्या बाकावर बसले.

ताई तणतणत भराईच्या खात्यात गेल्या. भाचेबुवा यंत्राशेजारी उभे होते.

"मी सांगतो ना, काकाच," ते म्हणाले. "त्या मंगळवारी दुपारी तेलाच्या खोलीच्या दाराच्या काचेतून मी स्वतः बघितलं, सील तुटून लोंबकळत होतं. बुधवारीही तसंच, गुरुवारीही तसंच. मला वाटलं काकांना म्हातारपण आलं, विसरले असतील. पुढच्या सोमवारी बघतो तर सील नवंकोरं!"

"तुम्ही आत गेला नाहीत?"

"किल्ली कुठाय माझ्याकडे? आणि मी आधीच वैतागलेलो होतो. थंडीनं तेल मधासारखं घट्ट झालेलं, यंत्र रडत होतं. आत्याला म्हटलं, दोन दिवस भराई थांबवू, खोली गरम ठेवायची सोय करून घेऊ. तर म्हणाली, प्रसूतिगृहातून रोज फोन येतोय, थांबायचं नावही काढू नकोस." त्यांनी खांदे उडवले. "पुढे आपोआपच सुरळीत झालं म्हणा."

"आपोआप?"

उत्तर भाचेबुवांकडून आलं नाही. पलीकडे अँप्युल डब्यात रचणाऱ्या रेडिओबाईंकडून आलं. त्यांचा रेडिओ सकाळी सुरू झाला की संध्याकाळीच बंद व्हायचा, म्हणून हे नाव.

"आपोआप कसलं डोंबलाचं!" रेडिओबाई म्हणाल्या. "आमच्या हातांना विचारा. सोमवारी बसल्या बसल्या डुलक्या घेत होतो, आणि मंगळवारी जेवणाची सुट्टी संपली तसं तेल पाण्यासारखं पळायला लागलं. यंत्र थुंकतंय नि आम्ही उचलतोय, नाक पुसायला फुरसत नाही! एक मात्र झालं हं ताई, त्या आठवड्यात बोटं गारठली नाहीत. अँप्युल मुठीत धरल्या की कशा छान कोमट लागायच्या."

ताई वळल्या.

"काय लागायच्या?"

"कोमट. का हो? काय झालं? असं काय बघताय माझ्याकडे?"

५

तेल टाकीतून सरळ नळीनं यंत्रात येतं. वाटेत ते कुठेच तापत नाही. यंत्रातून अँप्युल कोमट निघत असेल तर टाकीतलं तेलच कोमट होतं.

कारखान्यात गरम पाणी मिळायची जागा एकच. ताई बॉयलरच्या खोलीत शिरल्या तेव्हा फिटरदादा पाना घेऊन वाकले होते. हा माणूस दिवसाकाठी चार वाक्यं बोलला तरी जास्त झाली.

"दादा, त्या भराईच्या आठवड्यात टाकीत गरम पाण्याची नळी सोडली होती का?"

पाना थांबला. "कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

फिटरदादा हात पुसत राहिले. पण पुसता पुसता त्यांची नजर एकदा बॉयलरच्या मागे गेली आणि ताईंनी ती पकडली. मागे खिळ्याला एक नळी टांगलेली होती. स्प्रिंगसारखी वेटोळी, हाताएवढी लांब. ताईंनी ती उजेडात आणली.

वरची वेटोळी काळपट तपकिरी होती. खालची मात्र आंबटानं घासून काढल्यासारखी लखलखीत. जिथपर्यंत तेलात बुडाली होती तिथपर्यंत तेलानंच तिच्यावरचा मळ खाल्ला होता.

"तांबं," ताई पुटपुटल्या.

तेलाला ऊब सोसवत नाही, हवाही सोसवत नाही. पण तांब्याशी त्याचं हाडवैर. तांब्याचा अंश मिसळला की तेल बघता बघता म्हातारं होतं, आणि नळी काढून घेतली तरी तो अंश आतच राहून आपलं काम करत बसतो.

"ही कोणाच्या सांगण्यावरून सोडलीत?"

"ज्यांनी सांगितलं त्यांनीच सांगावं," फिटरदादा म्हणाले. "माझ्या पोटावर पाय नका आणू, ताई."

ताई धावतच प्रयोगशाळेत आल्या. तांबं दाखवणारं द्रावण काढलं. सोमवारच्या अँप्युलमध्ये रंग आला नाही. शनिवारच्या अँप्युलमध्ये पिवळट तपकिरी रंग चढत गेला. टाकीतल्या तेलात तर तो चहासारखा गडद झाला.

तेल कोणी बदललं नव्हतं. ते टाकीतच बसून नासलं होतं.

खिडकीबाहेर उन्हं कलली होती. बाकावर काका मान खाली घालून बसले होते. मालकीणबाईंच्या खोलीच्या दिशेनं जाता जाता ताईंच्या डोक्यात भाचेबुवांचं एक वाक्य पुन्हा पुन्हा वाजत होतं. बुधवारीही तसंच, गुरुवारीही तसंच.

आणि दारावर टकटक करायच्या क्षणी त्यांना कळलं की काका इतका वेळ कोणाला पाठीशी घालत होते.

६

"चोर सापडला?" मालकीणबाईंनी विचारलं. "मी फोन लावते मग."

"आधी बसा," ताई म्हणाल्या आणि तांब्याची नळी टेबलावर ठेवली.

मालकीणबाईंनी नळीकडे पाहिलं. हातातला चष्मा अलगद खाली आला.

"काकांकडे किल्ली आहे आणि सील दाबायची पक्कडही आहे," ताई हळू आवाजात म्हणाल्या. आवाज चढवला तर रडू येईल अशी त्यांना भीती होती. "त्यांना लपूनछपून काही करायचं असतं तर सील तोडून लगेच नवं लावलं असतं. दाराच्या काचेतून जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल असं चार दिवस लोंबकळत कशाला ठेवलं असतं? भाचेबुवांकडे किल्लीच नाही. फिटरदादांकडेही नाही. ज्यानं झाकण उघडलं त्याच्याकडे किल्ली होती, पण पक्कड नव्हती. असा माणूस कारखान्यात एकच आहे."

"गरम पाण्याची नळी होती गं," मालकीणबाई शेवटी म्हणाल्या. "नुसतं गरम पाणी. त्या बायका तिकडे वाट बघत होत्या, इकडे यंत्र थेंब थेंब करत होतं. भाचा म्हणतो थांबवू. कसं थांबवू? मंगळवारी सगळे जेवायला गेले तेव्हा फिटरला घेऊन गेले आणि सोडली आत. तुला विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस. त्या नळीत काय विष होतं?"

"विष नव्हतं. तांबं होतं."

"आणि आज सकाळी... मला खरंच वाटलं तेल चोरलं. नळीचं मनातही आलं नाही." त्या थांबल्या. "नाही, आलं होतं. आलं तसं मी ते ढकललं."

"सोमवारी काहीच नव्हतं ना आत? नक्की? मंगळवारच्या सकाळीही नाही?"

"मंगळवारी दुपारी. नक्की."

"मग सोमवारचे डबे चांगले आहेत. मंगळवारच्या डब्यांवर सकाळ-दुपार लिहिलेली नसते, ते सोडून द्यायचे. बाकी सगळे वाईट." ताईंनी फोन पुढे सरकवला. "तुम्ही सांगता की मी सांगू?"

मालकीणबाई फोनकडे बघत राहिल्या. एवढा वेळ की ताईंना वाटलं, आता या नळी उचलून खिडकीबाहेर फेकतील. प्रसूतिगृहाला सांगायचं म्हणजे उद्या औषध निरीक्षक दारात, परवा कुलूप. नवऱ्याच्या नावाची पाटी खाली.

मग त्यांनी आकडे फिरवले.

"डॉक्टरीणबाई, मी बोलतेय. डबे उलटे करा आणि बुडाचं अक्षर बघा. सोमवारचं असेल तेच वापरा, बाकीचे एकाही बाईला देऊ नका. हो, आमच्याकडून झालं." त्यांनी नळी स्वतःकडे ओढली. "माझ्याकडून. माझ्या हातानं झालं."

ताईंनी स्वतःच्या फोनवरून धाकटीला गाठलं. "डबा हातात घे. बुडाला काय अक्षर आहे?"

खडबड झाली. "गु," धाकटी म्हणाली. "सिस्टर इथेच आहेत, सुई भरून तयार आहे. काय झालं ताई?"

"टोचून घेऊ नकोस! त्यांना म्हणावं फेकून द्या ती. सो लिहिलेल्या डब्यातली घे. ऐकतेयस ना? सो."

"ऐकतेय गं, ओरडू नकोस. आख्खी खोली ऐकतेय."

ताई फोन ठेवून खुर्चीवर बसल्या. त्या दिवसात पहिल्यांदाच त्यांना आपले पाय दुखत असल्याचं जाणवलं.

मालकीणबाई बाहेर बाकापाशी गेल्या होत्या. "काका, तुम्हाला माहीत होतं. बोलला का नाहीत?"

"शनिवारी टाकीत ती नळी बघितली तेव्हाच समजलं, किल्ली कोणाची ते," काका म्हणाले. "वाटलं, तुम्हीच बोलाल. तुमच्यासमोर तुमच्यावर बोट कसं दाखवू?"

"माझं चुकलं."

काका उठले, किल्ली आणि पक्कड बाकावर ठेवली. "मला घरी जायचंय," म्हणाले, आणि गेले. मालकीणबाईंनी नंतर दोनदा निरोप पाठवला, एकदा स्वतः घरी गेल्या. काकांनी पाणी दिलं, तब्येत विचारली, पण कामावर परत आले नाहीत.

७

कारखाना काही महिने बंद राहिला. निरीक्षकांसमोर मालकीणबाईंनी सगळं आडपडदा न ठेवता सांगितलं, फिटरदादांना त्यातून सोडवलं. टाकी घासून झाली, तिला बाहेरून ऊब द्यायला पोलादी आवरण आलं, तेलावर हवेऐवजी नायट्रोजन भरायची सोय झाली. भाचेबुवा आता कमी घाई करतात.

धाकटीला मुलगी झाली. वजनानं बारीक, पण आवाजानं साऱ्या मजल्याला जागं करणारी.

कंबर सुजलेल्या त्या बाईचं मात्र लांबलं. गाठ पिकली, कापावी लागली, रोज पट्टी बदलायची. गर्भ टिकला होता, पण ती वेदनेनं अर्धी झाली होती. मालकीणबाई रोज गाडी काढून डोंगरापलीकडे जायच्या आणि पट्टी बदलेपर्यंत तिच्या खाटेशी बसायच्या. ताई कधी कधी सोबत असायच्या. ती बाई भिंतीकडे तोंड करून पडायची. एका शब्दानं बोलायची नाही. मालकीणबाईही माफी मागत बसायच्या नाहीत. नुसत्या बसायच्या, सिस्टरला कापूस द्यायच्या.

एके दिवशी सिस्टरनं पट्टी सोडली. जखम भरत आली होती, कडा गुलाबी दिसत होत्या. बाईनं भिंतीकडचं तोंड वळवलं आणि मालकीणबाईंकडे बराच वेळ पाहिलं.

"उद्यापासून येऊ नका," ती म्हणाली.

मालकीणबाईंनी मान हलवली आणि उठायला लागल्या.

"तसं नव्हे," बाई म्हणाली. "उद्या मी घरी जातेय. घरी यायचं तर पत्ता लिहून घ्या. जिना अवघड आहे, रेलिंग धरून चढा."